आधी दिवे मालवा: रिसॉर्टच्या मुक्कामात तारे पाहायला शिकताना

रिसॉर्ट ठरवताना आपण सगळं विचारून घेतो. एसी आहे का, पूल लहान मुलांना झेपेल एवढा आहे का, जेवणात ताजे मासे मिळतील का. तिथलं आकाश कसं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर शहरापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब जाऊन आपण जे पैसे मोजतो, त्यात हे आकाशही आलेलंच असतं. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून मोजून काही डझन तारे दिसतात. खऱ्या काळोखात नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन हजारांच्या वर दिसतात. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही आणि खगोलशास्त्राची पदवीही लागत नाही. योग्य तिथी लागते आणि बंद केलेले दिवे लागतात. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे, कारण नवख्यांची निराशा नव्वद टक्के वेळा इथेच होते.

तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा

पौर्णिमेच्या चंद्रप्रकाशात आकाशगंगा पुसून जाते आणि मंद तारेही दिसेनासे होतात. आम्ही पहिल्यांदा हौसेने कोकणात गेलो ते नेमके कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. समुद्र चांदीसारखा चमकत होता, ते दृश्य सुंदरच होतं, पण तारे म्हणाल तर घरच्या गच्चीवर दिसतात तेवढेच. त्यात रिसॉर्टच्या लॉनवरचे फोकस रात्रभर चालू. मुलं दहा मिनिटांत खोलीत परतली.

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. हे संकष्टीचा उपास करणाऱ्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच वर येतो आणि संकष्टीला जेवणासाठी नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळावं लागतं. हाच हिशेब पुढे न्या. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे तोवरची सगळी रात्र तुमची. अमावस्येला तर चंद्र नसतोच. नंतर शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्राची कोर साडेनऊच्या आसपास मावळून जाते. वद्य अष्टमी ते शुद्ध चतुर्थी हे अकरा-बारा दिवस पक्के लक्षात ठेवा आणि मुक्काम त्यात बसवा.

यात दिवाळीची सुट्टी फार सोयीची आहे. लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला असतं, म्हणजे पाडवा-भाऊबीजेच्या आसपासचा मुक्काम दर वर्षी आपसूकच बिनचंद्राचा. शिवाय तोवर पाऊस गेलेला असतो आणि पावसाने धुतलेल्या हवेत धूळही कमी असते. नाताळ आणि मे महिन्यात मात्र तिथी दर वर्षी सरकते, तेव्हा पाहूनच बुकिंग करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ताऱ्यांचा नाद सोडावा. ऑगस्टच्या उल्कावर्षावाच्या बातम्या वाचून अनेक जण घाटावर धावतात आणि ढग पाहून परत येतात.

सुट्टी बदलणं शक्य नसेल आणि चंद्र आकाशात असेल, तर चंद्रच पाहा. मात्र पौर्णिमेचा नको, शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरच्या विवरांच्या सावल्या तेव्हा लांब पडतात. पक्षी पाहायच्या साध्या दुर्बिणीतूनही तो खडबडीतपणा इतका स्पष्ट दिसतो, की बघणारा पुढच्याच्या हातात दुर्बीण द्यायला तयार होत नाही.

जागा कुठली

विदर्भाच्या बाजूला जाणार असाल तर पेंच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. तिथे जंगल आहे म्हणून काळोख आहे, एवढीच ती गोष्ट नाही. सिल्लारीच्या आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली गेली. उजेड लोकांना पायाखाली हवा असतो, वर आकाशात नको असतो, एवढी साधी गोष्ट तिथे प्रत्यक्षात आणली. दिवसा सफारी आणि रात्री आकाश, असा दोन रात्रींचा बेत तिथे उत्तम जमतो.

पुणे, नाशिक, मुंबईकरांसाठी भंडारदरा. कळसूबाईच्या डोंगररांगेमुळे मोठ्या शहरांचा उजेड बराच अडतो आणि हिवाळ्यात हवा कोरडी असते. मात्र मेअखेरीस काजव्यांसाठी जाल तेव्हा ताऱ्यांची आशा धरू नका, तोवर ढग जमू लागलेले असतात. कोकणात दापोली, गुहागर, तारकर्ली या बाजूंना पश्चिमेचं आणि दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळतं. हे फार मोलाचं आहे, कारण दक्षिणेकडचे काही तारे डोंगराआड गेले की दिसतच नाहीत. कोकणाची अडचण म्हणजे दमट हवा. क्षितिजालगत धुरकटपणा असतो आणि मासेमारीच्या बोटींचे प्रखर दिवेही कधी कधी ओळीने उभे असतात.

काळोख किती महत्त्वाचा, याचा एक दाखला पुरे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेला आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारायची होती, तेव्हा ती संस्था शहर सोडून जुन्नरच्या बाजूला, घोडेगावजवळच्या गिरवलीला गेली.

रिसॉर्टवाल्यांशी आधीच बोला

फोनवर तीन प्रश्न विचारा. लॉनवरचे आणि बागेतले दिवे रात्री बंद करता येतात का? गच्चीवर जाता येतं का, आणि तिला कठडा आहे का? त्या दिवशी तिथे लग्न किंवा डीजे तर नाही ना? तिसरा प्रश्न अजिबात विसरू नका. लग्नसराईत शेजारच्या लॉनवरची रोषणाई अख्खं आकाश खाऊन टाकते.

पहिल्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी आधी "नाही साहेब, सेफ्टीचा प्रश्न आहे" असं उत्तर येतं, आणि ते चूकही नाही. म्हणून सगळे दिवे मागू नका. "जेवणं आटपल्यावर नऊ ते दहा, फक्त मागच्या लॉनचे, आम्ही सगळे तिथेच बसलेलो असू," असं नेमकं मागा. वेळ आणि जागा ठरलेली असली की होकार मिळतो. पोचल्यावर रात्रपाळीच्या रखवालदाराची ओळख करून घ्या. बटण कुठे आहे, हे व्यवस्थापकापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

भंडारदऱ्याच्या बाजूला एका डिसेंबरात असाच एक काका भेटला. जनरेटरच्या खोलीमागचा खटका त्याने खाली ओढला आणि सगळं एकदम काळं झालं. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला. मिनिटभर काहीच दिसेना, मग हळूहळू झाडांच्या कडा दिसू लागल्या, आणि त्यांच्यावर इतके तारे, की कुणीच काही बोललं नाही. काका आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. पूर्वेकडच्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांकडे हात करून म्हणाला, "हे तिकांडं. पौषात हे डोक्यावर आलं म्हंजे मध्यान्रात झाली. आम्ही गव्हाला पाणी धरायचो तवा घड्याळ कुणाकडं होतं?" मी घरी येऊन ताडून पाहिलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते तीन तारे रात्री बाराच्या सुमारासच माथ्यावर येतात.

पहिला अर्धा तास

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. या वेळात एकदा जरी मोबाइलचा पडदा पाहिलात, तरी ती सवय मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून सगळ्यांचे फोन खिशात. नकाशासाठी स्टेलेरियमसारखं अॅप लागणारच असेल, तर त्यातला लाल रंगाचा रात्रीचा पर्याय आधीच चालू करून ठेवा. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी करून रबराने बांधा. लाल मंद उजेडाने डोळ्यांची सवय फारशी जात नाही.

उभं राहून बघू नका, दहा मिनिटांत मान दुखते. सतरंजी किंवा चटई अंथरून सरळ आडवे व्हा. पूलकडेच्या आरामखुर्च्या मिळाल्या तर त्याहून उत्तम. डिसेंबरात दव पडतं, तेव्हा कोरड्या दिवशीही अंगावर पांघरूण आणि कानाला मफलर हवा. कोकणात डासांचं मलम लावा.

आणखी एक युक्ती. एखादा मंद ठिपका सरळ पाहिला की नाहीसा होतो, किंचित बाजूला नजर टाकली की पुन्हा दिसतो. डोळ्याचा मध्यभाग अंधारात कमी पाहतो, कडेचा भाग जास्त, म्हणून असं होतं. मुलांना हे सांगून पाहा, त्यांना ते लगेच जमतं.

अंतर मोजायला हात पुरतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. ध्रुव तारा क्षितिजापासून तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढा वर असतो. तारकर्लीला सुमारे सोळा अंश, मुंबईला एकोणीस, पेंचला एकवीस-बावीस. म्हणजे उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव जवळपास सापडला. तो फार तेजस्वी असेल असं समजून लोक भलताच तारा धरून बसतात. तो मध्यमच आहे. त्याचं वैशिष्ट्य एवढंच, की तो जागचा हलत नाही.

दिवाळीच्या रात्री

रात्री आठला बाहेर आलात तर सप्तर्षी शोधू नका, ते तेव्हा क्षितिजाखाली असतात. उत्तर-ईशान्येला इंग्रजी एमसारखी शर्मिष्ठा दिसेल. तिच्या डोक्यावरच्या बाजूला चार ताऱ्यांचा मोठा, जवळजवळ रिकामा चौकोन दिसतो, तो महाश्व. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून एक ओळ निघते, ती देवयानी. कोपऱ्यातला तारा सोडून ओळीतल्या पहिल्या ठळक ताऱ्यापाशी थांबा, तिथून शर्मिष्ठेच्या दिशेने वळा, दोन मंद तारे ओलांडा. तिथे एक लांबट धुरकट डाग आहे. तो देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारासमूहाचा, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर. प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. नुसत्या डोळ्यांनी सहज पाहता येईल अशी याहून लांबची गोष्ट नाही. तो डाग पहिल्यांदा स्वतः शोधून सापडला, त्या रात्री मी बराच वेळ झोपलो नाही. ज्या प्रकाशाने डोळ्यात शिरून तो डाग दाखवला, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

पश्चिमेला अभिजित, श्रवण आणि हंस यांचा त्रिकोण कलता असतो, आणि त्यातून आकाशगंगेचा पट्टा खाली उतरतो. पूर्वेला कृत्तिकांचा झुपका वर येत असतो. दहाच्या पुढे जागे राहिलात तर तिकांडंही उगवलेलं मिळेल.

डिसेंबर ते फेब्रुवारी

नवख्यांसाठी हेच सर्वांत सोपं आकाश आहे, कारण तेजस्वी तारे एकाच बाजूला गर्दी करतात. तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेला बाण. आजूबाजूचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, आणि त्याच्या समोरचा निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ एका बाजूला वाढवा, तिथे व्याध, म्हणजे बाण मारणारा शिकारी. रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा, अंतर फक्त ८.६ प्रकाशवर्षं. दुसऱ्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्यापलीकडे कृत्तिका. ही सगळी कथा एकाच रेघेत मावते, म्हणून लहान मुलांना पहिल्यांदा मृगच दाखवावा. तिकांड्याच्या खाली लोंबणाऱ्या तीन बारीक ताऱ्यांपैकी मधला थोडा धूसर वाटेल. दुर्बीण लावा. तो तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा, आणि तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजाच्या वर दोन मुठींएवढा, आणखी एक लखलखीत तारा दिसतो, तो अगस्त्य. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो उत्तम दिसतो. अगस्त्य ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. हा तारा आहेच दक्षिणेचा, युरोपच्या बहुतांश भागातून तो दिसतही नाही.

१३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून. चंद्र नसेल त्या वर्षी हा मुक्काम चुकवू नका. दहानंतर आडवे पडा, कुठल्याही एका बाजूला टक लावू नका आणि दुर्बीण बाजूला ठेवा, कारण उल्का पाहायला मोकळी नजरच लागते.

मे महिन्याची सुट्टी

अंधार पडताच उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. चार ताऱ्यांच्या चौकोनाला जोडलेल्या तीन ताऱ्यांच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे नीट पाहा, तो वसिष्ठ, आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. लग्नात गुरुजींनी दाखवलेली अरुंधती मांडवाच्या छतामुळे बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. माझ्या आईने साठीनंतर ती गुहागरच्या वाळूवर पाहिली. पेंचला गेलात तर तिथल्या गोंड कुटुंबांतल्या जाणत्यांना विचारा. त्यांच्यात याच चौकोनाला खाट मानतात आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर.

शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली की नारिंगी स्वाती, आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. मग दक्षिणेकडे वळा. मेच्या मध्यावर साडेनऊच्या सुमारास कोकण किनाऱ्यावरून क्षितिजाच्या मूठ-दीड मूठ वर चार ताऱ्यांचा पतंग उभा असतो, तो त्रिशंकू. डावीकडचे दोन ठळक तारे म्हणजे मित्र आणि मित्रक. मित्र हा सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा ताऱ्यांचा समूह, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. हे दृश्य दिल्लीहून नीट मिळत नाही, आपल्याला मिळतं.

मध्यरात्रीनंतर आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर येतो, लाल ज्येष्ठा आणि आकड्यासारखी वळलेली मूळ नक्षत्राची नांगी. तिच्या शेजारी आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग असतो. मुलांना नऊला झोपवून दीडला उठवा. कुरकुर करतील, पण वर बघितल्यावर झोप उडेल.

दुर्बीण घ्यावी का?

पहिल्या मुक्कामाला नको. घरात पक्षी पाहायची ८ बाय ४२ किंवा ७ बाय ५० ची दुर्बीण असेल तर ती न्या, तेवढी भरपूर झाली. कोपर गुडघ्यावर टेकवून हात स्थिर ठेवला, तर तिच्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात, तेच जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा, त्यांच्या जागा बदललेल्या असतील. शनीची कडी पाहायला मात्र छोटी टेलिस्कोप लागते. काही रिसॉर्टवर ती ठेवलेली असते, पण चालवणारा माणूस आहे का ते आधी विचारा.

जाणत्याच्या सोबतीने शिकायचं असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आले आहेत. अशी एक रात्र आधी काढलीत, तर रिसॉर्टवर अख्ख्या कुटुंबाला तुम्हीच आकाश दाखवाल.

काळजी

काळोखात चालताना पायात बूट आणि हातात टॉर्च हवाच. बघताना विझवा, चालताना लावा. कोकणात फुरसं हा विषारी साप असतो आणि तो दगडाच्या रंगाचा असतो, म्हणून अनवाणी गवतात जायचं नाही. भंडारदरा आणि जुन्नर पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा आवार सोडून एकट्याने शेताकडे जाऊ नका. पेंचला रात्री जंगलरस्त्यावर भटकणं बंदच समजा. किनाऱ्यावर बसायचं तर भरतीची वेळ विचारून घ्या.

वेळास, आंजर्ले या बाजूंना हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पुढे पिल्लं समुद्राकडे निघतात. उजेडाने ती वाट चुकतात. तिथे लाल टॉर्चही वाळूवर फिरवू नका.

निघताना हिशेब चुकता करायच्या वेळी व्यवस्थापकाकडे अभिप्रायाची वही मागा. जेवण छान, खोली स्वच्छ, हे सगळे लिहितात. तुम्ही लिहा, "मागच्या लॉनचे दिवे तासभर बंद ठेवलेत, आकाशगंगा दिसली, आभार." आणि खटका ओढणाऱ्या रखवालदाराचं नाव खाली लिहा.